पुरस्कारांचा प्रचार आणि आपल्या तक्रारीची बदलती रूपे

एखाद्या चित्रपटाला किंवा मालिकेला अपेक्षित पुरस्कार मिळाला नाही, की तिच्या चाहत्यांत एक बोलणे सुरू होते : प्रचारच नीट झाला नाही, दुसऱ्यासाठी पैसा ओतला आणि आमच्यासाठी हात आखडता घेतला. हे बोलणे साऱ्या जगात चालते. आपल्या वस्त्यांत मात्र त्याला वेगळे वजन येते. येथे 'आपल्याला डावलले' हे वाक्य नुसत्या रसिकाचे नसते. त्यामागे पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव असतो. म्हणूनच हे वाक्य केव्हा, कोणत्या पुराव्यावर आणि कोणाविरुद्ध उच्चारायचे, ह्याचा विचार चळवळीतल्या माणसाने करायला हवा. तो विचार येथे एका ठळक उदाहरणाच्या आधाराने मांडत आहे.

ते उदाहरण चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या 'कोर्ट' ह्या चित्रपटाचे. मुंबईत एका सफाई कामगाराचा गटारात मृत्यू होतो. नारायण कांबळे नावाच्या वृद्ध लोकशाहिराच्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून शाहिराला अटक होते आणि खटला रेंगाळत राहतो. शाहिराची भूमिका केली नागपूरच्या वीरा साथीदार ह्यांनी. ते व्यवसायाने नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक होते. गाणी संभाजी भगत ह्यांची. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात ह्या चित्रपटाला दोन मोठे सन्मान मिळाले, मार्च २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताची ऑस्करसाठीची प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. शेवटच्या पाच नामांकनांत मात्र तो आला नाही.

परळ, नायगाव, दादर ह्या भागांतल्या कार्यकर्त्यांत आणि विद्यार्थ्यांत माझी ऊठबस असते. ह्या एका चित्रपटाविषयी त्या वर्ष-दीड वर्षात मी तीन वेगवेगळ्या कैफियती ऐकल्या. पहिली निवडीपूर्वीची : 'असला चित्रपट हे लोक कधीच पुढे पाठवणार नाहीत.' दुसरी निवडीनंतरची : 'पाठवला तो शोभेसाठी, प्रचाराला दमडी देणार नाहीत.' तिसरी नामांकने जाहीर झाल्यानंतरची : 'पुरस्कार हवेत कोणाला? आणि तो चित्रपट तरी आपला कुठे होता?' बोलणारी माणसे बहुतेक तीच होती. घटना बदलली की कैफियत बदलत होती. निष्कर्ष मात्र जागचा हलत नव्हता.

ह्या तिन्हींत काही सत्य आहे. ते किती, हे पाहण्यासाठी पुरस्काराचे यंत्र कसे चालते हे आधी समजून घ्यावे लागेल.

ऑस्करच्या ह्या विभागात एक देश एकच चित्रपट पाठवू शकतो. आपल्याकडे ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. ही चित्रपट व्यवसायाची संघटना आहे, सरकारचे खाते नव्हे. २०१५ च्या निवड समितीचे अध्यक्ष अमोल पालेकर होते. निवड झाल्यावर खरा खर्च सुरू होतो. लॉस एंजेलिसमध्ये खेळ लावायचे, तिथल्या व्यवसायपत्रांत जाहिराती द्यायच्या, प्रसिद्धीचे काम करणारी माणसे नेमायची, मतदारांनी चित्रपट पाहावा एवढ्यासाठी महिनोन् महिने खटपट करायची. मतदार आपण होऊन चित्रपट शोधत येत नाही. त्याला बोलावून आणावे लागते. 'लगान'साठी आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर तेथे तळ ठोकून बसले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. २०१५ पर्यंत भारताच्या तीनच चित्रपटांना ह्या विभागात नामांकन मिळाले होते : 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. गुणवत्तेच्या जोडीला पैसा, ओळखी आणि वेळ लागतो. ज्याच्याकडे ह्या तीन गोष्टी नाहीत त्याची सुरुवातच मागून होते. प्रचारातली विषमता ही अशी यंत्रातच बसवलेली आहे.

आता पहिली कैफियत. 'पाठवणारच नाहीत' हे भाकीत होते आणि घटनेने ते खोटे ठरवले. खोटे ठरलेले भाकीत मोकळेपणाने सोडून द्यायला हवे होते. ते सोडले गेले नाही. त्याचे दुसऱ्या कैफियतीत रूपांतर झाले.

दुसऱ्या कैफियतीच्या समर्थनासाठी लोक 'श्वास'चे उदाहरण देत. संदीप सावंत ह्यांच्या 'श्वास'ला २००४ साली सुवर्णकमळ जाहीर झाले. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला मिळालेला तो मान होता. 'श्वास' ऑस्करला निघाला तेव्हा प्रचाराला पैसा नव्हता. मग महाराष्ट्रात वर्गणीची लाट उठली. शाळेतल्या मुलांनी पणत्या विकल्या, नाट्यमंडळींनी प्रयोगाचे पैसे दिले, सामान्य प्रेक्षकांनी खिशात हात घातला. 'कोर्ट'च्या वेळी गिरगावापासून दादरपर्यंत अशी एकही पेटी फिरताना मी पाहिली नाही. 'बघा, आमच्या चित्रपटासाठी कोणी पणती विकली का?' हा प्रश्न म्हणून मनाला लागतो.

परंतु येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात : एक व्यावसायिक प्रचार, दुसरी समाजाची आपुलकी. व्यावसायिक प्रचाराच्या बाबतीत 'कोर्ट'ची स्थिती 'श्वास'पेक्षा वाईट होती असे म्हणता येत नाही. त्याच्यामागे व्हेनिसचा सन्मान होता, अमेरिकेत वितरक होता आणि तेथे तो २०१५ च्या उन्हाळ्यातच प्रदर्शित झालेला होता. 'श्वास'च्या हाती ह्यांपैकी फारसे नव्हते. म्हणून 'प्रचारच झाला नाही' हे विधान जसेच्या तसे टिकत नाही.

आपुलकीची गोष्ट मात्र निराळी. 'श्वास' ही आजोबा आणि दृष्टी गमावणाऱ्या नातवाची कथा आहे. ती पाहताना प्रत्येकाला रडता येते आणि कोणालाच अपराधी वाटत नाही. 'कोर्ट' पाहताना डोळ्यांत पाणी येण्याआधी एक प्रश्न समोर येतो : गटारात माणूस उतरवतो कोण? त्यातली सरकारी वकील कोणी खलनायिका नाही. ती आपल्यासारखीच घर सांभाळणारी, गाडीत डब्याच्या गप्पा करणारी मराठी बाई आहे. मध्यमवर्गाने तिच्यात स्वतःला ओळखले असणार. आपल्याच आरोपपत्रासाठी कोणी वर्गणी गोळा करत नाही. विषमता असेल तर ती येथे आहे, आणि ती जाहिरातीच्या खर्चाच्या हिशेबात सापडणार नाही. दुसऱ्या कैफियतीने बोट ठेवले ते चुकीच्या जागी. दुखणे मात्र खरे होते.

तिसरी कैफियत मला सर्वांत घातक वाटते. 'तो चित्रपट आपला नव्हताच' असे म्हटले की वीरा साथीदार आणि संभाजी भगत ह्यांचा वाटाही आपण आपल्याच हाताने पुसून टाकतो. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. ज्यांनी आयुष्यभर वस्त्यांत गाणी आणि विचार नेले, त्यांचा चेहरा जगाने ह्या चित्रपटातून पाहिला. पराभवानंतरची ही अलिप्तता स्वाभिमानाचे रूप घेऊन येते. तिच्या पोटात असते ती निराशा.

दूरचित्रवाणीवर हे यंत्र आणखी उघडे आहे. मराठी वाहिन्या आपापल्या मालिकांना आपणच पुरस्कार देतात. स्पर्धक त्यांचे, मंच त्यांचा, सोहळ्याच्या जाहिरातीचे उत्पन्नही त्यांचेच. अशा सोहळ्यात कोणाला पुढे करायचे हे पुढच्या हंगामात काय विकायचे आहे ह्यावर ठरते. प्रेक्षक मते देतो, आपल्या आवडत्या नटीला 'मुद्दाम मागे ठेवले' म्हणून चिडतो, आणि त्या चिडण्यानेही सोहळ्याचीच प्रसिद्धी होते. २०१९-२० मध्ये 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका आपल्या घराघरांत पाहिली गेली. तिचे मोल अशा सोहळ्यातल्या बाहुल्यांवर मोजायचे की ती पाहून किती मुलांनी मूळ ग्रंथ उघडले ह्यावर, हे आपणच ठरवायचे आहे.

'आपल्या माणसामागे पैसा उभा राहतच नाही' हेही सरसकट खरे नाही. नागराज मंजुळे ह्यांच्या 'सैराट'मागे २०१६ साली मोठी निर्मितीसंस्था होती आणि त्याचा प्रचारही जोरात झाला. तेथे विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे : प्रचार कशाचा झाला? गाणी आणि प्रेमकथा पुढे आली. शेवटच्या दृश्यातले रक्त प्रेक्षकाला चित्रपटगृहातच भेटले. २०२५ साली नीरज घायवान ह्यांचा 'होमबाउंड' भारताची प्रवेशिका ठरला. त्याच्यामागे मुंबईतली मोठी निर्मितीसंस्था आहे आणि मार्टिन स्कॉर्सेसी ह्यांच्यासारख्या दिग्दर्शकाचे नाव कार्यकारी निर्माता म्हणून जोडलेले आहे. ठरावीक साच्याची तक्रार येथे लागू पडत नाही. प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते.

मग डावलले जात नाही काय? जाते, आणि ते कसे सिद्ध करायचे ह्याचा धडा ह्याच परळमध्ये आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याची कचेरी पोयबावडीच्या हरारवाला बिल्डिंगमध्ये होती. पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. ही तक्रार शंभर वर्षांनंतरही जशीच्या तशी उभी आहे. कारण तिच्यात कोणी, काय, केव्हा आणि कोणत्या अटीवर नाकारले हे सारे आहे. पैसे देत होतो, तरी नाकारले. ह्यापुढे वाद संपतो. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली तीही अशीच मुद्देसूद, आकड्यांच्या आधाराने. राग त्यांना कमी नव्हता. पण रागाला त्यांनी पुराव्याची शिस्त लावली.

म्हणून आपल्या अभ्यासवर्गांत, वाचनालयांत, महाविद्यालयीन मंडळांत अशा प्रसंगी काही साधे प्रश्न विचारण्याची सवय लावावी. प्रवेशिका कोणी पाठवायची होती आणि ती पाठवली गेली काय? निवड समितीत कोण होते? प्रचाराचा खर्च कोणी केला आणि स्पर्धकाने किती केला? कलाकृतीतले काय पुढे केले आणि काय झाकले? व्यासपीठावर कोणाला बोलावले, आणि ज्यांच्या जगण्यावर ती उभी आहे त्यांना बोलावले काय? उत्तरे तारखेसह लिहून ठेवावीत. पुढच्या वर्षी कैफियत बदलली तर ती का बदलली, हे त्या वहीतून कळेल.

आणखी एक गोष्ट. आपण ऑस्करच्या खर्चाचा वाद घालत होतो, तेव्हा चित्रपटाचा मूळ विषय तसाच पडून होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये गटारात मरण पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. माणसाच्या हातून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. तरीही माणसे गटारात उतरत आहेत आणि मरत आहेत. भरपाई किती कुटुंबांच्या हाती पडली, हे आपापल्या वॉर्डात जाऊन विचारणे ही 'कोर्ट'च्या चाहत्याची खरी कामगिरी ठरेल. त्या कामासाठी कोणत्याही परीक्षक मंडळाच्या शिफारशीची गरज नाही.