विश्लेषण : जुनी कार अचानक ट्रॅक्टरसारखी का वाजते? आवाजावरून बिघाड कसा ओळखाल?

दहा-बारा वर्षे वापरलेली कार एके दिवशी सुरू करताच घरघरू लागते. ‘सायलेन्सर गेला’ असे गृहीत धरून अनेक जण तो बदलतात, तरी कधी कधी आवाज कायम राहतो. कारण धूर बाहेर नेणाऱ्या मार्गातील सायलेन्सर हा जवळपास शेवटचा टप्पा असतो. गळती त्याआधी कुठेही असू शकते आणि ती नेमकी कुठे आहे, यावर खर्चच नव्हे, तर प्रवाशांची सुरक्षितताही अवलंबून असते.

धुराचा मार्ग कसा असतो?
सिलिंडरमधून निघालेला तप्त वायू एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो. तेथून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गाडीखालचा पाइप आणि सायलेन्सर असा प्रवास करून तो बाहेर पडतो. सांध्यांवर पॅकिंग असते, तर पाइप रबरी हँगरवर लटकलेला असतो.

कोणता आवाज काय सांगतो?
थंड इंजिन सुरू करताच पुढून ‘टिक-टिक’ ऐकू येते आणि इंजिन तापल्यावर ती कमी होते, तेव्हा मॅनिफोल्डचे पॅकिंग गेल्याची किंवा त्याला तडा गेल्याची शक्यता असते. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि फट काहीशी बुजते. गाडी तापूनही टिक-टिक तशीच राहिली, तर टॅपेटही तपासावेत. मागून खर्जातली घरघर येत असेल, तर सायलेन्सर किंवा मागचा पाइप गंजून फुटलेला असू शकतो. पत्रा थरथरल्यासारखा आवाज बहुधा सैल झालेल्या उष्णतारोधक पत्र्याचा असतो. कन्व्हर्टरमधून खडखड येत असेल, तर आतील सिरॅमिकची जाळी तुटलेली असू शकते. केवळ खड्ड्यांतून जाताना ठोकल्यासारखे वाजत असेल, तर हँगरचे रबर पाहावे.

सायलेन्सर आतून का गंजतो?
पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोलमागे साधारण तेवढेच पाणी बाहेर पडते. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि हे पाणी आतच साचते. किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे बाहेरूनही गंज चढतो.

घरी काय तपासता येईल?
गाडी मोकळ्या जागेत उभी करावी, न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. इंजिन थंड असतानाच सुरू करावे. हातमोजे घालून जाड ओले फडके मागच्या नळीच्या तोंडावर काही सेकंद धरावे आणि दुसऱ्याने कान देऊन ऐकावे. गळती असेल तिथे ‘फुस्स’ आवाज वाढतो. इंजिन बंद असताना सांध्यांभोवती काजळीचे डाग दिसले, तरी गळतीची खूण पटते. मात्र केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

दुर्लक्ष का करू नये?
धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. पुढच्या भागातील किंवा केबिनखालील गळतीतून तो आत शिरू शकतो. प्रवासात डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ जाणवल्यास गाडी थांबवून लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि दुरुस्तीपर्यंत ती चालवू नये. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर फसतो, इंजिनाला जादा इंधन मिळते आणि मायलेज घटते.

नियम काय सांगतो?
केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० नुसार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. सोबत वैध पीयूसी प्रमाणपत्रही लागते. बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांसाठी ते सहा महिन्यांनी काढावे लागते.

गॅरेजमध्ये काय विचारावे?
गाडी लिफ्टवर घेऊन गळतीची जागा दाखवायला सांगावे, सुटा भाग बदलण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा. पाइपचे छोटे भोक वेल्डिंगने बुजते, पॅकिंग वेगळे बदलता येते. पण सायलेन्सरचा पत्राच कुजला असेल, तर ठिगळ फार काळ टिकत नाही.