तुरुंगातली भाकरी

आपल्या नांदेड-लातूरकडे पारावर गप्पा निघाल्या की कुणीतरी हटकून म्हणतो, "कैद्याला बसल्या जागी भाकरी मिळते, मग शिक्षा ती कसली?" ज्याच्या घरचा माणूस मारला गेला, त्याचा हा संताप खराच आहे. पण २०२२ अखेर देशातल्या दर १०० कैद्यांपैकी सुमारे ७५ जण कच्चे कैदी होते; त्यांच्या खटल्याचा निकालच लागला नव्हता. त्यांचे हाल करायचे ते कोणत्या गुन्ह्यासाठी?

आता गुन्हा शाबीत झालेल्यांचे पाहू. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांचा तो प्रयोग. कैद्यांनी तिथे शेती कसावी, बायकामुलांसह राहावे. मात्र मनाला येईल तिकडे जायचे नाही. शिक्षा ती एवढीच. यावरूनच शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. आपल्या मराठवाड्यातही पैठणला खुले कारागृह आहे.

तेव्हा कैद्याला चैन नको, पण पोटभर भाकरी, स्वच्छ पाणी, औषध आणि हाताला काम हवेच. कारण शिक्षा भोगून झाली की तो आपल्याच गावच्या फाट्यावर एस्टीतून उतरणार आहे. तो कसा होऊन उतरावा, याचा विचार गुरुजींनी मुलांकडूनही करवून घ्यावा.