बॅटरी तयार आहे, डीपीचं काय?

गणपतीच्या आधीचे दोन दिवस मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रीघ लागते. विजेवरची गाडी घेऊन सावंतवाडी गाठायची तर वाटेत एकदा तरी चार्जिंग आलंच. आपल्या रस्त्यांवरच्या बऱ्याचशा ई-कारना फास्ट चार्जरवरही पाऊण तास लागतो. पुढे दोन गाड्या असल्या की दीड तास नुसता रांगेत जातो. रेंजपेक्षा ही रांगच लोकांना जास्त धास्तावते.

रांग मोडणारं तंत्र आता आलं आहे. चीनच्या बीवायडीने मार्च २०२५ मध्ये पाच मिनिटांत सुमारे ४०० किलोमीटरचं चार्जिंग देणारी यंत्रणा दाखवली. पुढच्याच महिन्यात तिथल्याच सीएटीएल या बॅटरी-कंपनीने ५२० किलोमीटरचा दावा केला.

इतकी वर्षं अडलं होतं ते बॅटरीच्या आत. चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. प्रवाह बेसुमार वाढवला तर त्यांना शिरायला सवड मिळत नाही. मग लिथियम ग्रॅफाइटच्या वरच धातू होऊन साचतं, बॅटरीचं आयुष्य घटतं आणि आतल्या आत शॉर्टसर्किटचा धोका वाढतो. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर केलेली प्रक्रिया आणि सुधारलेलं इलेक्ट्रोलाइट यांनी ही वाट मोकळी केली. लिथियम साचण्याचा त्रास कडाक्याच्या थंडीत जास्त. कोकणाला त्याची चिंता नाही. आपली चिंता उष्णतेची. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. बेंगळुरूच्या एक्स्पोनंट एनर्जीने चार्जिंग सुरू असताना चार्जरमधूनच बॅटरीत गार पाणी फिरवून तीनचाकी १५ मिनिटांत भरून दाखवली. पेणच्या तीनचाकी मिनीडोरवाल्यांना यातलं सर्वांत उपयोगी पडेल ते हेच, कारण गाडी उभी राहिली की त्यांचा धंदा बुडतो.

खरी अडचण बॅटरीच्या बाहेर, विजेच्या खांबावर आहे. गाडीत ३० युनिट वीज दहा मिनिटांत भरायची तर १८० किलोवॉट लागतात. खेड्यातली डीपी, म्हणजे रोहित्र, बहुधा १०० केव्हीएची असते. म्हणजे एका गाडीला जवळजवळ दोन डीपी. बीवायडीचा चार्जर तर १००० किलोवॉटचा! रोह्याला धाटाव एमआयडीसीच्या कारखान्यांसाठी उच्चदाबाच्या वाहिन्या आहेत, तिथे असा भार पेलण्याचा विचार तरी करता येईल. इतरत्र चार्जरशेजारी मोठी बॅटरी ठेवून ती रात्रभर सावकाश भरावी आणि दिवसा गाड्यांना झपाट्याने द्यावी, हा मार्ग मला जास्त व्यवहार्य वाटतो.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय अपेक्षित आहे. पेण-वडखळच्या पट्ट्यात ती करताना चार्जरची संख्या मोजून भागणार नाही, किलोवॉट मोजावे लागतील.

गाडी घेणाऱ्यानेही शोरूममध्ये ‘किती मिनिटांत?’ एवढंच विचारून थांबू नये. गाडी किती किलोवॉट घेते आणि आपल्या वाटेवरचा चार्जर किती देतो, हे दोन्ही आकडे मागावेत. त्यातला जो लहान, तोच तुमचा वेग.