जुन्या स्पीकरचा टोचणारा ट्रेबल
जुन्या स्पीकरचा ट्रेबल कानाला टोचू लागला की खापर बहुधा ट्वीटरवर फुटते. पण ट्वीटरपर्यंत काय आणि किती पोहोचायचे हे पेटीतला क्रॉसओव्हर ठरवतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांत बिघडलेला असतो तो बहुतेक वेळा तोच. कोल्हापूरसारख्या गाण्याच्या गावात सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्सच्या टू-वे पेट्या अडगळीत टाकवत नाहीत, त्यामुळे ही दुरुस्ती जाणून घेण्यासारखी आहे.

वूफरचे स्क्रू काढून हात आत घातला की हार्डबोर्डच्या तुकड्यावर डकवलेली एक कॉइल, एकदोन कपॅसिटर आणि कधी एखादा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर लागतो. कपॅसिटर बहुधा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक असतो आणि तो वयाप्रमाणे बदलतो. ८ ओहमच्या ट्वीटरला ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये असेल तर सुमारे ५,००० हर्ट्झच्या खाली आवाज दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरत जातो. हाच कपॅसिटर फुगून ६ मायक्रोफॅरड झाला की ती सीमा ३,३०० हर्ट्झवर येते. मग छोट्या ट्वीटरला न झेपणारे काम त्याच्या गळ्यात पडते, आणि तेही कान सर्वांत हळवा असतो त्याच पट्ट्यात. म्हणून कपॅसिटरचे एक टोक सोडवून मीटरवर मोजणे ही पहिली पायरी. ट्वीटरची व्हॉइस कॉइलच घासत असेल तर मात्र क्रॉसओव्हरमध्ये कितीही खटपट केली तरी व्यर्थ.

पुढची पायरी बरेच जण अर्धवट सोडतात. जुना कपॅसिटर काढून चांगल्यातला फिल्म कपॅसिटर बसवला, आणि पेटी आधीपेक्षा जास्त टोचायला लागली, ही तक्रार नेहमीची. कारण साधे आहे. इलेक्ट्रोलिटिकचा स्वतःचाही थोडा रोध असतो. फिल्म कपॅसिटरचा जवळजवळ नसतो. जुन्या भागाने न सांगता सांभाळलेला तो ओहमभर रोध नव्या भागाबरोबर निघून जातो. १ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये घातला की सुमारे १ डेसिबल उतरतो, आणि पुष्कळदा तेवढ्याने भागते.

नाही भागले तर हात सैल सोडून ४ ओहम घालावेसे वाटतात. इथेच फसगत होते. कपॅसिटरला आता ८ ऐवजी १२ ओहम दिसतात. त्यामुळे अगदी वरचा आवाज साडेतीन डेसिबलने उतरतो, पण २,००० हर्ट्झपाशी एक डेसिबलही उतरत नाही. झळाळी जाते, बोचरेपणा राहतो. त्यापेक्षा एल-पॅड बरा: कपॅसिटरनंतर २.२ ओहम सिरीजमध्ये आणि ट्वीटरच्या दोन टोकांवर १८ ओहम. एकूण भार पावणेआठ ओहमच्या आसपास राहतो, क्रॉसओव्हरची सीमा जवळपास हलत नाही आणि सगळा ट्रेबल सारखाच ३ डेसिबलने खाली येतो. रेझिस्टर १० वॅटचे घ्यावेत.

बदल आधी एकाच पेटीत करावा आणि दोन्हींवर तेच मोनो गाणे आलटून पालटून ऐकावे. अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याच्या या गावात परीक्षेला त्याच घराण्यातल्या गायिका केसरबाईंची जुनी तबकडी काढण्याचा मोह होणारच. पण ७८ आरपीएमच्या अशा तबकडीत वरचे सूर मुळातच बेताचे असतात, आणि आकारात सकार-चकार नसतात. तिच्यावर वाईट पेटीही गोड वाटते. त्यापेक्षा १९१९ साली इथेच जन्मलेल्या सुधीर फडक्यांचे एखादे स्पष्ट शब्दांचे भावगीत लावावे. ‘स’, ‘श’, ‘च’ दातातून सुटताना टोचले नाहीत आणि टाळ-झांजेचा नाद मुका झाला नाही, की मोजमाप बरोबर बसले.

दुसऱ्या पेटीत तेच भाग घालताना ट्वीटरची अधिक-उणे टोके जुन्याच जोडणीप्रमाणे ठेवावीत. रेझिस्टर तापतात, म्हणून ते कपॅसिटरला आणि आतल्या कापसाला टेकू देऊ नयेत.