‘तपकिरी होता, पोटाशी पांढरा’

रविवारी माळावर किंवा ओढ्याकाठी भटकून आलेला माणूस पक्षी ओळखणाऱ्या मित्राला फोन करतो, तेव्हा वर्णन बहुधा एवढंच असतं: “तपकिरी होता, पोटाशी पांढरा. मैनेहून मोठा वाटला. कोणता असेल?” या वर्णनात बसणारे पक्षी आपल्याकडे डझनांनी आहेत. मित्र गप्प राहतो तो त्याला येत नाही म्हणून नव्हे. फोन करणाऱ्याने नेमकी सगळ्यांत दगाबाज खूण लक्षात ठेवलेली असते.

रंग कळला की पक्षी कळला, हा गैरसमज फार चिवट आहे. भातखाचराच्या बांधावर बसलेला वंचक मातकट आणि रेघारेघांचा असतो, इतका की पावलाजवळ येईपर्यंत दिसत नाही. उडाला की पांढरे पंख उघडतात आणि एकदम शुभ्र बगळा दिसू लागतो. एकाच पक्ष्याची दोन पक्षी म्हणून नोंद करणारे लोक मी पाहिले आहेत. विजेच्या तारेवरचा नीलपंख तसाच. बसलेला असताना तांबूस-मळकट, उडाला की पंखांत गडद आणि फिक्या निळ्याचे पट्टे. शिंजीर नराची तर आणखी गंमत. विणीच्या काळात तो जांभळा-निळा झळाळतो, पण उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर निव्वळ काळा दिसतो. ती झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश कसा पडतो यावर ती ठरते. विणीचा काळ सरला की हाच नर मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. माळावरचा चीरक घ्या. दक्षिणेत नराची पाठ काळी, उत्तर भारतात तपकिरी. हातातल्या पुस्तकात उत्तरेकडचं चित्र असेल तर घरामागचा चीरक वेगळ्याच जातीचा वाटू लागतो.

मग पाहायचं काय? आधी चोच. दाणे फोडणारी जाड, किडे टिपणारी बारीक, मांस फाडणारी आकड्यासारखी वळलेली. मग शेपटी आणि चाल: पक्षी चालत होता की टुणटुण उड्या मारत होता, शेपटी सारखी वरखाली होत होती का, टोकाला दुभंगलेली होती का. आकाराचा अंदाज मात्र सेंटिमीटरमध्ये बांधू नये, कारण अंतर फसवतं. सलीम अलींच्या 1941 साली निघालेल्या भारतीय पक्ष्यांवरच्या पुस्तकात चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा अशीच मापं दिली आहेत, आणि त्याहून सोयीची पद्धत अजून कोणी काढलेली नाही. चिमणी साधारण 15 सेंटिमीटर, बुलबुल 20, मैना 23, घार 60च्या आसपास. पण आकडे विसरले तरी चालतात, पक्षी तर रोजच्या बघण्यातले आहेत.

चोच पाहायची सवय कुठे उपयोगी पडते ते पावशा शिकवतो. उन्हाळ्याच्या अखेरीस, कधी कधी रात्रीसुद्धा, “पेरते व्हा” असं ओरडून कान किटवणारा हा पक्षी दिसायला हुबेहूब शिक्रा. तीच राखी पाठ, छातीपोटावर तशाच आडव्या रेषा, शेपटीवर तसेच पट्टे, आणि थोडे पंख मारून तरंगत जाण्याची तीच ढब. त्याला पाहून लहान पक्षी गलका करतात, म्हणजे त्यांचीही फसगत होते. पावशा सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो आणि हे सोंग त्याच कामी येत असावं, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. सोंग चोचीपाशी उघडं पडतं. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडेदार, पावशाची सरळसर. दुर्बिणीतून ती एक गोष्ट नीट दिसली तरी निकाल लागतो.

“आधी कधी पाहिला नव्हता, म्हणजे दुर्मीळच असणार.” हेही नेहमीचंच. अनोळखी पक्षी बहुतेक वेळा ओळखीच्या पक्ष्याची मादी, पिल्लू किंवा पिसं बदलणारा नर निघतो. तपकिरी अंगभर पांढरे ठिपके असलेला मोठा पक्षी म्हणून ज्याचे फोटो फिरतात, ती कोकिळेची मादी असते. (कुहूकुहू करणारा काळाभोर, लाल डोळ्यांचा पक्षी नर. कवितांनी कितीही गोड केली तरी मादीच्या वाट्याला कर्कश किक्-किक्-किक् एवढंच आलं आहे.) पडक्या वाड्यात सापडलेली, पांढऱ्या लवेची आणि बदामी तोंडाची पिल्लं परग्रहावरची नसतात, जटायूची तर नसतातच. ती गव्हाणी घुबडाची असतात.

पण उलट टोकही तितकंच चुकीचं. दुर्मीळ पक्षी सापडतच नाही असंही नाही, फक्त तिथे पुरावा कडक लागतो. रानपिंगळ्याचं उदाहरण आपल्या खानदेशातलंच आहे. 1873 साली ह्यूम या पक्षीअभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, 1884 नंतर खात्रीचा नमुना मिळाला नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्त्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपण 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक टिपल्याचा दावा केला आणि लोक तिथे शोधत राहिले. प्रत्यक्षात तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता, नवी चिठ्ठी लावलेला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना व सोबत्यांना जिवंत रानपिंगळा दिसला, शेवटच्या नमुन्यानंतर 113 वर्षांनी. साध्या पिंगळ्यापासून तो वेगळा कसा ठरला? डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, पंख-शेपटीवर रुंद ठसठशीत पट्टे आणि भर दिवसा चाललेली शिकार. एकेका खुणेला जोड मिळाली तेव्हा नाव दिलं गेलं.

आता मोबाइलचं. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन ॲप 2014 पासून आहे, फोटोवरून आणि आवाजावरूनही नाव सुचवतं, आणि चांगलं सुचवतं. ते सुचवतं, शिक्कामोर्तब करत नाही. आवाजात तर फसायला भरपूर जागा आहे. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, रानातला भृंगराज एका बैठकीत अनेक पक्ष्यांचे आवाज काढतो. ॲपच्या यादीत शिक्रा आला म्हणून झाडावर शिक्रा बसला होता असं होत नाही. ॲप ठिकाण आणि तारीख विचारतं ते मात्र मनावर घ्यावं. पाणवठ्याकाठी शेपटी हलवणारा पांढरा धोबी सप्टेंबरनंतर येतो आणि एप्रिलपर्यंत बहुतेक निघून जातो. जूनमध्ये दिसलेला काळा-पांढरा धोबी आपल्याकडे बारमाही राहणारा कवडा धोबी असण्याचीच शक्यता जास्त.

शेवटचा गैरसमज जाणकारांविषयी, की त्यांना सगळे पक्षी ओळखता येतात. हिवाळ्यात माळावरच्या तिरचिमण्या पाहा: स्थानिक, पाहुण्या, सगळ्या गवताच्या रंगाच्या. एखादी आवाज न करता उडून गेली, तर मुरलेला निरीक्षकही ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘तिरचिमणी, जात अनिश्चित’ अशी नोंद करतो. त्या यादीत तसा पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे आणि तो रोज वापरला जातो.