दोन झोपांची एक झोप

गेल्या वर्षी आमच्या घरात तीन आठवडे कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. कारण होतं सव्वा वर्षाची नात आणि तिची दुपार. सकाळी साडेनऊला तासभर आणि दुपारी अडीचनंतर तासभर झोपणारी ही मुलगी अचानक दुसऱ्या झोपेला नको म्हणू लागली. सूनबाई पडदे ओढून तासभर थोपटायची आणि ही पलंगाची कड धरून नाचायची. मग संध्याकाळी साडेपाचला खेळता खेळता फरशीवरच डोळे मिटायचे, आणि रात्री अकरा वाजले तरी टक्क जागी. मुलगा नऊ-साडेनऊला लोकलमधून चेंगरून यायचा, तो लेकीला हसताना पाहून खूश. आम्ही दोघी मात्र रडकुंडीला आलेलो.

आम्ही कल्याणच्या दूधनाक्याजवळ राहतो. पण माझ्या बहिणी, भाच्या मुंब्रा-कौशात, ठाण्याच्या राबोडीत आणि डोंबिवलीत आहेत. फोन केला की प्रत्येक घरात हीच गोष्ट. कुणाचं मूल वर्षाचं, कुणाचं दीड वर्षाचं. आणि प्रत्येक आईला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. चुकलं ते बहुतेक माझं, दादीचं होतं, तेही पुढे येईलच.

आधी हे समजून घ्यावं की मूल हट्ट करत नसतं. झोप दोन गोष्टींवर चालते. जितका वेळ आपण जागे राहतो तितकी झोपेची भूक साठत जाते, ही एक. आणि उजेड-अंधाराप्रमाणे चालणारं शरीरातलं घड्याळ, ही दुसरी. सात-आठ महिन्यांचं बाळ दोन-तीन तासांतच पेंगू लागतं. दीड वर्षाच्या आसपास तेच मूल सलग पाच तास आनंदाने जागं राहू शकतं. मग सकाळी झोपलेल्या मुलाला दुपारी अडीचला पुन्हा झोपवायला गेलं तर भूकच लागलेली नसते. पोट भरलेल्या माणसापुढे ताट ठेवण्यासारखंच आहे ते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. त्यांत एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप हवी, दुपारची धरून, आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, असं सांगितलं आहे. म्हणजे मोजायची ती एकूण झोप. झोपा दोनाच्या एक झाल्या तर बेरीज फार ढळता कामा नये. आमच्याकडे ती ढळली होती, म्हणूनच मुलगी संध्याकाळी उगीच रडायची, चावायची, हातातली वाटी फेकायची.

पण घाईही करू नये. बरीच मुलं वर्षाची होताना, चालायला शिकतात त्या सुमारास, दहा-बारा दिवस दुपारची झोप नाकारतात आणि पुन्हा आपोआप दोन झोपांवर येतात. खरा बदल बहुतेकांचा पंधरा ते अठरा महिन्यांत होतो. काहींचा थोडा आधी, काहींचा थोडा नंतर. दोन आठवडे सलग दुसरी झोप होत नसेल, किंवा ती झाली की रात्र दहा-अकरापर्यंत लांबत असेल, किंवा पहाटे पाचलाच मूल उठून बसत असेल, तर समजावं की वेळ आली. दात येत असतील, सर्दी-ताप असेल तर थांबावं. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर हे सारं सोळा ते चोवीस महिन्यांत येतं. नेमकं याच वयात. लस दिली त्या आठवड्यात झोपेची वेळ बदलायला जाऊ नये. अंगात कसकस असताना मूल झोपेल तेव्हा झोपू द्यावं.

आता आमचा घोळ. सूनबाईने एका सोमवारी ठरवलं की आजपासून सकाळची झोप बंद. साडेदहापर्यंत मुलीने तग धरला, मग खुर्चीवर भाताचा घास तोंडात असतानाच मान टाकली. मला दया आली. मी मांडीवर घेतलं, थोपटलं, दोन तास झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी सूनबाईने तिला जागं ठेवलं, तर संध्याकाळी असरनंतर मी पुन्हा मांडीवर घेतलं. "अम्मी, तुम्ही तिला झोपवलंत की माझी रात्र जाते," असं ती एकदाच म्हणाली, हळू आवाजात. मला तो शब्द लागला. पाच मुलं वाढवलेल्या बाईला काल आलेली मुलगी शिकवते, असं वाटलं. चार दिवसांनी लक्षात आलं की माझी मुलं वाढली तेव्हा घरात आम्ही तीन बायका होतो आणि रात्री मूल जागलं तर दुसरीच्या हातात देता यायचं. सूनबाईला सकाळी सव्वासातची गाडी पकडून ठाण्याला नोकरीवर जायचं असतं. रात्र तिची एकटीची जात होती.

मग आम्ही एकदम तोडण्याऐवजी सरकवायचं ठरवलं. सकाळची साडेनऊची झोप दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं पुढे. पावणेदहा, दहा, सव्वादहा. दहा-अकराच्या दरम्यान ती पेंगायला लागली की गॅलरीत न्यायचं, तोंडावर गार पाणी, बादलीत दोन डबे तरंगायला सोडायचे आणि शेजारी बसून राहायचं. उजेड आणि पाणी, यांच्याइतकं दुसरं काही कामाला आलं नाही. मोबाइल दाखवून जागं ठेवू नका. मूल गप्प बसतं खरं, पण मग झोपायची वेळ झाली तरी तोच मागतं. अकराच्या पुढे पोचल्यावर जेवणही पुढे-मागे करावं लागलं. झोपेच्या आधी पोटात काही हवं, नाहीतर तासाभरात भुकेने जाग येते. साडेअकराला मऊ खिचडी, नाहीतर काटे काढलेला मासा आणि भात. आमच्या घरात बाराच्या आत कधी कुणी जेवलं नव्हतं. मुलीसाठी एक छोटं पातेलं वेगळं चढवलं. तीन आठवड्यांत झोप साडेबारावर आली आणि तासाची दोन-सव्वादोन तासांची झाली.

वेळ लक्षात ठेवायला आपल्या घरांत अजान आहेच. तिचा एक फायदा मला या निमित्ताने कळला. ठाणे-कल्याण भागात मगरिब डिसेंबरात सहाच्या सुमारास होते आणि जूनअखेर सव्वासातच्या पुढे जाते. पण जोहरची वेळ वर्षभर सव्वाबारा ते एक यांच्या मधेच सुरू होते, कारण ती माथ्यावरच्या सूर्याला बांधलेली आहे. मुलाची एकुलती एक झोपही तिथेच बसते. दुपारच्या या विसाव्याला आपण कैलूला म्हणतो, आणि सूरह नूरच्या ५८व्या आयतीत घरातल्या एकांताच्या तीन वेळांमध्ये दुपारच्या आरामाची वेळही आहे. जोहरची अजान झाली की पडदे ओढायचे, हे मुलालाही आठवड्याभरात कळतं.

उठवायची वेळ मात्र जरा जपून. आम्ही कोकणी, शाफई. आमची असर साडेतीन ते सव्वाचारच्या दरम्यान येते. आमची असर झाली की मुलीला उठवायचं, मग ती कितीही गाढ असो. वरच्या मजल्यावरचं कुटुंब हनफी आहे, त्यांची असर पाऊण ते सव्वा तासाने उशिरा. ती सून मला म्हणाली, "खाला, आम्ही पण असरला उठवतो, तरी रात्री झोपत नाही." बाई गं, तुझी असर उन्हाळ्यात सव्वापाचला! पाचपर्यंत झोपलेलं मूल आठला कसं झोपेल?

ज्या घरात मोठं भावंड शाळेत जातं तिथे अडचण निराळी. सकाळच्या शाळेची बस नेमकी साडेबाराच्या आसपास सोडते आणि आई धाकट्याला कडेवर घेऊन खाली उभी. कौशाच्या माझ्या भाचीकडे हाच पेच होता. वाटेत कडेवर दहा मिनिटं डुलकी लागली की ती अख्खी झोप खाऊन टाकते. तिने शेवटी शेजारणीशी ठरवलं. बसपाशी एक दिवस ही, एक दिवस ती. अशा वेळी शेजार उपयोगी पडतो, फक्त तोंड उघडून सांगावं लागतं.

रमजान आला तर हा बदल सुरूच करू नये. सेहरीला भांडी वाजतात, दिवे लागतात, मूल उठतं आणि मग सकाळी आठ-नऊला पुन्हा झोपतं. बदल आधीच झाला असेल तर सकाळची ती अर्ध्या तासाची डुलकी पाहुणी समजावी आणि ईदनंतर पाहुण्यांबरोबर तिलाही निरोप द्यावा.

एका गोष्टीबद्दल मात्र मला गोड बोलता येत नाही. मूल झोपत नाही म्हणून सर्दीचं औषध अर्धा चमचा पाजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि "जरा शांत झोपेल" म्हणून ते सुचवणाऱ्या आज्याही. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रीन हे दोन घटक एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं आहे. झोपेसाठी औषध नाही म्हणजे नाही. मूल रात्री घोरत असेल, श्वास अडकत असेल किंवा दिवसभर मलूल असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं.

राहिला तो अब्बांचा प्रश्न. एका झोपेवर आलेलं मूल सुरुवातीचे काही आठवडे संध्याकाळी सातलाच कोसळतं. त्या दिवसांत रात्र अलीकडे आणावीच लागते, साडेसात-आठला. आणि कल्याण मुंबईपासून ५३ किलोमीटर. सातला काम सुटलेला माणूस आठला घरी कसा येणार? माझ्या मुलाने पहिल्या रात्री रिकाम्या अंथरुणाकडे, म्हणजे झोपलेल्या लेकीकडे पाहिलं आणि न जेवता बसून राहिला. "मी तिला आता रविवारीच भेटायचं का?" सूनबाईकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. संध्याकाळची ती चुकीची झोप इतके दिवस घरात टिकली होती ती काही फक्त माझ्या मांडीमुळे नाही. बाप घरी येईपर्यंत लेक जागी राहावी असं आम्हा सगळ्यांनाच आतून हवं होतं.

उत्तर मुलीनेच दिलं. आठला झोपलेली ती सव्वासहाला उठू लागली. मुलगा फजर पढून पुन्हा पडायचा आणि साडेसातला धावतपळत तयार व्हायचा. आता तो फजरनंतर झोपत नाही. सूनबाई डबे भरते, आणि बाप-लेक गॅलरीत कबुतरांना दाणे टाकतात, दूध-पाव खातात, एकमेकांच्या अंगावर सांडतात. आठ दहाच्या लोकलला तो निघतो तेव्हा शर्टवर दुधाचा डाग असतोच. रविवारी मात्र तो तिला दुपारी स्वतः झोपवायला घेतो आणि पाचच मिनिटांत स्वतःच घोरू लागतो. मग ती उठून माझ्याकडे चालत येते, आणि मी तिला परत नेऊन त्याच्या शेजारी निजवते.