स्केल मॉडेलसाठी एअरब्रश कसा निवडावा?



प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमान, रणगाडा किंवा जहाजाची हुबेहूब छोटी प्रतिकृती बनवणे म्हणजे स्केल मॉडेलिंग. सुरुवातीला सगळे साध्या ब्रशनेच रंगवतात. पुढे एअरब्रश घ्यावासा वाटतो आणि ऑनलाइन शोधायला गेलं की इतके प्रकार दिसतात की डोकं चक्रावतं. मग बरेच जण सर्वांत बारीक नोझलचा किंवा सर्वांत स्वस्त ब्रश उचलतात. दोन्ही वेळा पैसे वाया जाण्याची शक्यता असते. म्हणून आधी हे यंत्र समजून घेऊ, मग निवड करू.

एअरब्रश कशासाठी?

एक सोपं गणित करा. मॉडेलचं प्रमाण १:७२ आहे. म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ सें.मी. मॉडेलवर १ सें.मी. होतात. मिग-२१ सारखं १४-१५ मीटर लांबीचं विमान मॉडेलमध्ये साधारण २० सें.मी. भरतं. आता समजा, ब्रशने दिलेला रंगाचा थर ०.१ मि.मी. जाड झाला. ०.१ × ७२ = ७.२ मि.मी. म्हणजे खऱ्या विमानावर बोटभर रुंदीचा नाही, पण अर्ध्या बोटाइतका जाड लेपच की! पत्र्यांच्या जोडाच्या बारीक रेघा त्यात बुजून जातात. एअरब्रश रंगाचे अगदी सूक्ष्म थेंब करून पातळ थर देतो, म्हणून तो हवा.

तो काम कसा करतो?

नोझलच्या तोंडाशी हवेचा जोराचा झोत सुटला की तिथला दाब कमी होतो. त्यामुळे रंग बाहेर ओढला जातो आणि हवेत मिसळून त्याचे तुषार होतात. फवारणीच्या जुन्या हातपंपात हेच तत्त्व असतं. गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकार ज्या स्प्रे गनने मूर्तीवर रंग मारतात, ती याचीच मोठी भावंडं. एअरब्रशमध्ये नोझलच्या आत एक टोकदार सुई असते. सुई मागे सरकली की रंगाची वाट उघडते, पुढे गेली की बंद होते.

निवड करताना काय पाहावं?

१) ट्रिगर : सिंगल अॅक्शनमध्ये ट्रिगर दाबला की हवा आणि रंग एकदमच येतात. रंगाचं प्रमाण आधी स्क्रू फिरवून ठरवावं लागतं. डबल अॅक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. म्हणजे रंगवता रंगवता रेघ बारीक-जाड करता येते. हात बसायला थोडे दिवस लागतात, पण मॉडेलसाठी डबल अॅक्शनच घ्यावा.

२) रंगाचा कप : कप वर असेल तर रंग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. याला ग्रॅव्हिटी फीड म्हणतात. यात कमी दाब पुरतो आणि चार-पाच थेंब रंगातही काम होतं. खाली बाटली असलेला सायफन फीड मोठ्या पृष्ठभागाला बरा. छोट्या मॉडेलला वरचा कप सोयीचा.

३) नोझल : ०.२ मि.मी. नोझल बारीक छटांसाठी छान, पण रंग जरा घट्ट झाला की लगेच तुंबतो. प्रायमर आणि धातूसारखे चमकदार रंग तर त्याला फारच त्रास देतात. ०.५ मि.मी. मोठ्या भागांना चांगला. पहिल्या एअरब्रशसाठी ०.३ ते ०.३५ मि.मी. हा मधला मार्ग योग्य. इवाता कंपनीचा निओ सीएन ०.३५ मि.मी. चा, ग्रॅव्हिटी फीड, डबल अॅक्शन आहे. हार्डर अँड स्टीनबेक यांच्या इव्होल्यूशन टू-इन-वनमध्ये ०.२ आणि ०.४ अशी दोन नोझल मिळतात. हे फक्त उदाहरण म्हणून सांगितलं. ब्रश कोणताही घ्या, मोजमाप बघून घ्या.

४) सुटे भाग : विकत घेण्याआधी विचारा, "नोझल आणि सुई सुटी मिळते का?" सुई एकदा खाली पडली की टोक वाकतं आणि फवारा तिरका होतो. सुटा भाग मिळत नसेल तर स्वस्त ब्रश शेवटी महागच पडतो. लॅकर रंग वापरणार असाल तर आतले सील थिनरला टिकणारे, म्हणजे टेफ्लॉनचे, आहेत का तेही विचारा.

कॉम्प्रेसर विसरू नका

पुष्कळ जण सगळं बजेट ब्रशवर संपवतात आणि हवेसाठी काहीच उरत नाही. गॅसचा छोटा डबा वापरता वापरता थंड पडतो आणि दाब उतरतो. बिनटाकीच्या कॉम्प्रेसरची हवा धक्क्याधक्क्याने येऊ शकते. म्हणून तीन गोष्टी बघा : हवेची टाकी, दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी तर ट्रॅप घ्यायलाच हवा. पावसाळ्यात दमट हवा दाबली गेली की पाणी सुटतं, आणि महिनाभर खपून जोडलेल्या मॉडेलवर पाण्याचा एक थेंब थुंकला की झालं! सुरुवातीला १५ ते २० पीएसआय दाब ठेवा आणि रंग दुधाइतका पातळ करा.

हे मात्र पाळाच

एअरब्रशचे तुषार श्वासावाटे थेट फुप्फुसात जातात. कापडी मास्कने थिनरची वाफ अडत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरचा फिल्टर असलेला रेस्पिरेटर लागतो. खिडकी उघडी ठेवा. इनॅमल-लॅकरचे थिनर पेट घेतात, म्हणून जवळ गॅस, देवघरातला दिवा किंवा उदबत्ती नको. मुलांनी पाण्यात विरघळणाऱ्या अॅक्रिलिकपासून सुरुवात करावी, तीही मास्क लावून आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली. पालकहो, रेस्पिरेटरचा खर्च पहिल्या दिवशीच बजेटमध्ये धरा. तो परवडत नसेल तर एअरब्रश थोडा उशिरा घेतला तरी चालेल.

सराव आणि सफाई

आधी नुसतं पाणी भरून वर्तमानपत्रावर ठिपके आणि रेघा काढा. मग प्लॅस्टिकच्या चमच्यांवर रंग मारा. मॉडेल त्यानंतर. रंग बदलताना कप धुवा, आणि काम संपलं की सुई काढून हलक्या हाताने पुसा. आत वाळलेला रंग हाच एअरब्रशचा मोठा शत्रू.

थोडक्यात सांगायचं तर : डबल अॅक्शन, वरचा कप, ०.३ ते ०.३५ मि.मी. नोझल, सुटे भाग मिळणारी कंपनी, टाकीचा कॉम्प्रेसर आणि चांगला रेस्पिरेटर. ही यादी वहीत लिहून ठेवा आणि मगच खरेदीला निघा. तुमच्या पहिल्या मॉडेलला खूप खूप शुभेच्छा!